आई गेलेल्या घरातला कावळा : एका कादंबरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅक्स पोर्टर या इंग्रज लेखकाची ‘ग्रीफ इज द थिंग विथ फेदर्स’ ही छोटी कादंबरी २०१५ साली लंडनच्या फेबर अँड फेबरने काढली. माझ्या हातात ती फार उशिरा आली, आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला ती वाचायला सांगत सुटलो आहे. त्यामुळे प्रश्नही मलाच येतात. बरेचसे तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो. मी समीक्षक नाही. मी दहा वर्षांचा आणि धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना आमची आई गेली आणि अण्णांनी आम्हाला एकट्याने वाढवलं, एवढाच माझा या पुस्तकावर बोलायचा अधिकार.

गोष्ट काय आहे?

लंडनमधलं एक घर. आई अचानक गेलेली. मागे बाप आणि दोन लहान मुलगे. ती जाऊन चार-पाच दिवस झालेत, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली आहे, मुलं झोपली आहेत आणि बाप एकटाच बसला आहे. दाराची बेल वाजते. दार उघडतो तर समोर अंधार, पिसं आणि कुजका वास. भलामोठा कावळा. तो बापाला लहान पोरासारखा उचलून धरतो आणि बजावतो की, तुला माझी गरज संपेपर्यंत मी काही हलणार नाही.

आणि खरंच हलत नाही. पुढची काही वर्षं तो त्या घरात राहतो. मुलांना गोष्टी सांगतो, बापाला टोचतो, घाण करतो, शिव्या देतो, राखणही करतो. कथानक म्हणाल तर एवढंच. बाप, मुलं आणि कावळा असे तीन आवाज आलटून पालटून बोलतात आणि त्यातून त्या घराचे दिवस उलगडत जातात.

ही कादंबरी आहे की कविता?

दोन्ही म्हणा. सव्वाशेच्या आत पानं, त्यातली कित्येक अर्धी कोरी. बाप गद्यात बोलतो, कावळा बडबडगीतासारखं, मुलं कधी यादी करतात तर कधी परीकथा रचतात. एका बैठकीत वाचून होतं. मला मात्र तीन रात्री लागल्या, कारण मध्येच पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभं राहावं लागत होतं.

इंग्रजी कठीण आहे का?

बापाचा आणि मुलांचा भाग सोपा आहे. कावळ्याचा नाही. तो शब्द मोडतो, अर्थ नसलेले आवाज काढतो, मध्येच गलिच्छ बोलतो. ती पानं मोठ्याने वाचा. अर्थ लागला नाही तरी लय कळते आणि तिथे लेखकाला लयच पोचवायची आहे. लहान मुलांसमोर मात्र मोठ्याने वाचू नका.

कावळाच का? दुसरा पक्षी का नाही?

बाप टेड ह्यूज या कवीचा अभ्यासक आहे आणि त्याच्यावर पुस्तक लिहितो आहे. ह्यूजचा ‘क्रो’ नावाचा कवितासंग्रह १९७० साली आला. लिओनार्ड बॅस्किन या अमेरिकन चित्रकाराने कावळ्यांची चित्रं काढली होती, त्याने ह्यूजला कविता लिहायला सांगितलं आणि त्यातून हा कावळा जन्माला आला : मेलेलं खाणारा, देवाची खोड काढणारा, कशानेही न मरणारा. पोर्टरने तोच कावळा कवितेतून उचलून एका विधुराच्या दारात आणून उभा केला.

यामागे आणखी एक घर आहे, ते माहीत असलं तर पुस्तक जड होत जातं. ह्यूजची बायको सिल्व्हिया प्लाथ, स्वतः मोठी कवयित्री, हिने फेब्रुवारी १९६३ मध्ये लंडनमध्ये आत्महत्या केली. दोन लहानगी मुलं मागे राहिली, फ्रीडा आणि निकोलस. पुढे १९६९ मध्ये ह्यूजची जोडीदार आसिया वेव्हिल आणि तिची लहानगी मुलगी शुरा याही गेल्या आणि ‘क्रो’ त्या दोघींच्या स्मृतीला अर्पण झाला. म्हणजे ज्या कवीत हा बाप बुडालेला आहे, तोही कधीतरी पोरक्या झालेल्या पोरांसोबत घरात उरलेला बापच होता.

शीर्षकाचं मूळ एमिली डिकिन्सनच्या कवितेत आहे. आशा ही पिसं असलेली वस्तू आहे, जिवात येऊन बसते, असं ती म्हणते. पोर्टरने आशेच्या जागी शोक ठेवला.

हा आपल्या पिंडाला शिवणारा कावळा आहे का?

मराठी वाचकांकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. सरळ उत्तर : नाही. पोर्टरच्या पुस्तकात दशक्रिया नाही, पिंड नाही, त्याचा कावळा थेट ह्यूजकडून आलेला आहे. पण हा प्रश्न मनात न येता मराठी माणसाने हे पुस्तक वाचणं शक्य नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आईचं दहाव्याचं संगम माहुलीला केलं. साताऱ्याजवळ, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. भाताचे पिंड मांडले, शेजारी पत्रावळीवर तिच्या आवडीचं वाढलं आणि सगळे मागे सरून हात जोडून उभे राहिले. समोरच्या पिंपळावर कावळे होते, चांगले आठ-दहा. एकही खाली उतरेना. मग मोठी माणसं एकेक करून पुढे होऊ लागली. मामा म्हणाला, “ताई, पोरांच्या शिक्षणाला कमी पडू देणार नाही.” आत्या म्हणाली, “वहिनी, पोरांना मी बघते, काळजी सोडा.” कुणी तिच्या बांगड्यांचं नाव काढलं, कुणी गावच्या देवीच्या ओटीचं. कावळे जागचे हलले नाहीत. अण्णा काहीच बोलले नाहीत. ऊन चढलं, भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो.

शास्त्राने त्याला पर्याय दिला आहे, दोष कुणाचाच नाही. पण दहा वर्षांच्या पोराला ते कळत नाही. “हिचं मन कशात तरी राहिलंय,” असं परतताना कुणीतरी म्हणालं, ते मी आणि धाकट्याने ऐकलं. पुढची कितीतरी वर्षं आम्ही दोघं अंथरुणात पडून तेच शोधत होतो : कशात राहिलं असेल? धाकट्याचं म्हणणं, अर्धवट विणलेल्या त्याच्या स्वेटरमध्ये. माझं म्हणणं, मी तिच्याशी शेवटचं खोटं बोललो होतो त्यात.

म्हणून हे पुस्तक उघडलं आणि कावळा स्वतःहून दारात आला, घरात शिरला, जाणार नाही म्हणाला, तेव्हा मला काय वाटलं असेल ते तुमच्या लक्षात येईल. आमच्याकडे कावळ्याने यावं म्हणून सगळे ताटकळले होते. त्या घरात तो न बोलावता येऊन बसला. आपला कावळा गेलेल्या माणसाची इच्छा पुरी झाल्याचं सांगायला येतो, क्षणभर शिवतो आणि उडून जातो. पोर्टरचा कावळा मागे राहिलेल्यांसाठी आहे. गेलेल्या बाईला त्याने काही विचारायचं नाही, त्याने या तिघांना सांभाळायचं आहे. दोघांत एक गोष्ट मात्र सारखी आहे : आता पुरे झालं, हे माणसं ठरवत नाहीत, कावळा ठरवतो.

आणखी एक. आपण या पक्ष्याला पिंडाच्या कितीतरी आधीपासून ओळखतो. हा घास काऊचा, हा घास चिऊचा, असं म्हणत आई भरवते तेव्हापासून. शेणाचं घर वाहून गेलेला काऊ, ‘पैल तोगे काऊ कोकताहे’ म्हणत पाहुण्याची वर्दी देणारा ज्ञानोबांचा काऊ. पोर्टरचा कावळाही मुलांसाठी असाच आहे. बाप त्याला भितो, मुलं भीत नाहीत. मला वाटतं, मराठी वाचकाला हे समजवायला ह्यूज वाचायला लावावा लागत नाही.

कावळा खरा आहे की बापाच्या मनाचा खेळ?

लेखकाने मुद्दाम सांगितलेलं नाही आणि मीही सांगणार नाही. बाप अभ्यासक आहे, दिवसरात्र कावळ्यावर लिहितो आहे, तेव्हा भास म्हणायला जागा आहे. पण मुलंही त्याला बघतात. एका प्रसंगात दाराशी एक सैतान येतो, गेलेल्या आईच्या आवाजात हाका मारतो. मुलं दार उघडायला निघतात. कावळा बाहेर जाऊन त्याला फाडून टाकतो. तो भास असेल तर फार कामाचा भास आहे.

मुलं दोन आहेत, मग ती ‘आम्ही’ म्हणूनच का बोलतात? थोरला कोण, धाकटा कोण तेही कळत नाही.

हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून थोडं थांबतो.

आईच्या मागे राहिलेली भावंडं काही काळ एकच प्राणी होतात. निदान आम्ही झालो होतो. शाळेत बाईंनी मला विचारलं तर मी “आम्ही बरे आहोत” असं सांगायचो, धाकटा दुसऱ्या वर्गात असला तरी. पोर्टरच्या मुलांना नावं नाहीत, वयं नाहीत. मध्येच ती मोठी होऊन मागे वळून बोलतात, मध्येच पुन्हा लहान होतात. एकच आठवण वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतात, कधी धडधडीत खोटंही बोलतात आणि खोटं बोललो हेही सांगून टाकतात.

आई गेल्याचं कळतं तेव्हा त्यांना एकच प्रश्न पडतो : आगीचे बंब कुठे आहेत? एवढं मोठं काही घडलं तर गलका हवा, गणवेशातली माणसं हवीत, गर्दी हवी. काहीच नाही. घर गप्प. मी हे वाचलं तेव्हा आमच्या चाळीतली ती संध्याकाळ आठवली. खाली पोरं विटी-दांडू खेळत होती आणि कुणी त्यांना थांबवत कसं नाही, याचा मला भयंकर राग आला होता.

पुढे कधीतरी मुलं सांगतात की आम्ही मुद्दाम कमोडच्या कडेवर शिंतोडे ठेवायचो, आरशावर टूथपेस्टचे डाग पाडायचो, ड्रॉवर उघडे टाकायचो. आई असती तर ओरडली असती. ओरडणारं कुणी नाही हे जाणवत राहावं, तिची उणीव भासत राहावी, म्हणून ते सगळं. बाहेरून बघणाऱ्याला हा वाह्यातपणा वाटतो. आम्ही दोघं चपला उंबऱ्यातच काढायचो, आई जिथे काढू द्यायची नाही नेमक्या तिथेच. अण्णा रोज त्या उचलून कडेला लावायचे, बोलायचे नाहीत. मी इतकी वर्षं समजत होतो की त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

आई कशी गेली ते नीट का सांगितलेलं नाही?

ओझरतं आलं आहे. अपघात, डोक्याला मार. लेखकाला त्यात अधिक शिरायचं नव्हतं, आणि मला वाचताना ते बरोबर वाटलं. घरात मागे राहिलेल्यांना ‘कसं झालं’ हे भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो. तेवढा एक प्रश्न पुस्तकाने तरी विचारला नाही.

बापाचा भाग मला थंड वाटला. तो रडत का नाही?

पुन्हा वाचा. तो रडतो, पण वस्तूंपाशी. एका पानावर तो फक्त मोजदाद करतो : ती आता कधी काय वापरणार नाही. मेकअप, हळद, केसांचा ब्रश, शब्दकोश. ती काय कधी संपवणार नाही : अर्धी वाचलेली कादंबरी, शेंगदाण्याचं बटर, ओठांना लावायचं मलम.

लंडनच्या त्या यादीत हळद निघाली तिथे माझं वाचन अडलं. आमच्या मिसळणाच्या डब्यात हळदीच्या वाटीत आईचा एक इवलासा चमचा होता, दांडी वाकलेला. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकाला उभे राहिले ते चौदाव्या दिवशी. तेरा दिवस शेजारच्यांचे डबे येत होते, मग बंद झाले, व्हायचेच. त्यांनी पिठलं केलं. गुठळ्या झाल्या होत्या आणि हळद इतकी पडली होती की ताट पिवळं झालं. धाकटा म्हणाला, “आईचा चमचा लहान आहे, तुम्ही मोठ्याने घातली.” त्यानंतर घरात डबे बदलले, घर बदललं, तो चमचा हळदीतच राहिला. अजून आहे.

अशा बापाला थंड म्हणता येत नाही. तो हाताने करायच्या कामांत गुंतलेला असतो.

बाप दुसरं लग्न करतो का?

नाही. दोनेक वर्षांनी एका बाईला घरी आणतो, तीही अभ्यासक, पण प्लाथची. तेवढंच. लोक त्याला पुढे सरकायला सांगतात, आणि शोक हे लांब पल्ल्याचं काम आहे, घाईने उरकायचं नाही, असं त्याचं ठाम म्हणणं आहे. आपल्याकडे तेराव्याची पंगत उठायच्या आत “पोरांसाठी तरी” सुरू होतं. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं. पण ज्याला म्हणतात त्याला त्या दिवशी पाणी प्यायचंही भान नसतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यातलं आहे का?

काही अंशी. पोर्टर सहा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. त्याला भाऊ आहे, आणि पुस्तकातली ती दोन मुलं त्या दोघांच्या बालपणातून आली आहेत. पुस्तकात त्याने बापाऐवजी आईला नेलं. म्हणजे लेखकाने आपल्या गेलेल्या वडिलांना कादंबरीत जिवंत ठेवलं आणि पोरं सांभाळायला लावली. ही माझी समजूत, कुणी असं म्हटल्याचं मला माहीत नाही, पण एकदा डोक्यात आलं की जात नाही.

बाकी माहिती हवी असेल तर : जन्म १९८१. आधी पुस्तकाच्या दुकानात विक्रेता, मग ग्रँटा प्रकाशनात संपादक. हान कांग या कोरियन लेखिकेच्या ‘द व्हेजिटेरियन’ या कादंबरीची इंग्रजी आवृत्ती त्याच्याच हाताखालून गेली. हे त्याचं पहिलंच पुस्तक, आणि त्याला २०१६ चं आंतरराष्ट्रीय डिलन थॉमस पारितोषिक मिळालं. नंतर ‘लॅनी’ २०१९ मध्ये आणि ‘शाय’ २०२३ मध्ये आली.

नाटक किंवा सिनेमा आहे का?

दोन्ही. एन्डा वॉल्श या आयरिश नाटककाराने २०१८ मध्ये आयर्लंडमध्ये नाटक बसवलं, त्यात बाप आणि कावळा या दोन्ही भूमिका किलियन मर्फीने केल्या. ‘द थिंग विथ फेदर्स’ हा सिनेमा २०२५ चा, बेनेडिक्ट कंबरबॅच बापाच्या भूमिकेत. माझं मत विचाराल तर आधी पुस्तक वाचा. कावळा किती मोठा, त्याचा आवाज कसा, हे पहिल्यांदा आपल्या मनानेच ठरवलेलं बरं.

घरात नुकतंच कुणी गेलं आहे. हे पुस्तक भेट द्यावं का?

पहिल्या महिन्यात देऊ नका. त्या दिवसांत माणसाला अक्षर लागत नाही. डबा द्या, मुलांना शाळेतून आणा, बँकेत सोबत जा, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढून आणा. सहा-आठ महिन्यांनी, लोकांचे फोन थांबतात तेव्हा, द्या. आणि वाचलं का म्हणून विचारू नका.

बाप लहान मुलांसोबत एकटा असेल आणि झोप, जेवण, कामावर जाणं महिनोन्महिने सुटलं असेल, तर पुस्तकावर भागणार नाही. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलतात. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. अण्णांनी फोन केला असता की नाही, सांगता येत नाही, पण क्रमांक भिंतीवर लिहून ठेवायला मला आवडलं असतं.

शेवटी कावळा जातो का?

जातो. शेवटच्या भागाचं नावच निघायच्या परवानगीबद्दल आहे. मग बाप आणि मुलं आईची राख घेऊन तिच्या आवडत्या जागी जातात. तिथे मुलं ओरडून काय म्हणतात ते मी सांगत नाही, अगदी साधे शब्द आहेत.

तुमच्या वडिलांनी वाचलं का?

अण्णांना इंग्रजी वाचायची सवय नाही, म्हणून मी त्यांना गोष्ट सांगितली. गेल्या दिवाळीत, रात्री जेवणं झाल्यावर, धाकटाही होता. बेल वाजते तिथपासून राख उधळतात तिथपर्यंत सगळं सांगितलं. अण्णांनी मान खाली घालून ऐकलं. माहुलीचा विषय आम्ही तिघांनी कधीच काढलेला नाही, त्या रात्रीही निघाला नाही. बराच वेळ गेला. मग त्यांनी एवढंच विचारलं, “तो माणूस पोरांना जेवायला काय घालायचा?”

मी सांगितलं, पहिल्यांदा ओळखीपाळखीचे लोक आणून द्यायचे, लझान्या म्हणून एक प्रकार असतो, तो.

“आणि नंतर?”

नंतरचं पुस्तकात फारसं नाही, मी म्हटलं.

“हं,” अण्णा म्हणाले, “नंतरचंच अवघड असतं.” आणि उठून दाराशी गेले, आमच्या चपला कडेला लावायला.